पोर्ट फॉरवर्ड केलंय तरी बाहेरून कनेक्ट होत नाही, किंवा चालू होतं ते परत बंद पडतं – नेमकं कुठे अडतंय ते कसं शोधायचं

लक्षणं साधारण अशी असतात. घरच्या वायफायवर असताना डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग ठेवणारा डबा), दुकानातला कॉम्प्युटर, नॅस (नेटवर्कवरची हार्डडिस्क) जे काही असेल ते लगेच उघडतं, पण मोबाईल डेटावर गेलं किंवा दुसऱ्या गावातून लावलं की नुसतं गोल फिरत बसतं आणि शेवटी टाइम आउट. राऊटरमध्ये पोर्ट फॉरवर्ड केलेलं असतं (म्हणजे ठराविक पोर्ट नंबरवर बाहेरून येणारं आतल्या ठराविक मशीनकडे वळवणं), फायरवॉल बंद करून बघितलेली असते, राऊटर दहादा रिस्टार्ट झालेला असतो, कुणीतरी सांगितलं म्हणून डीएमझेडही चालू केलेलं असतं (ते आधी बंद करा, का ते पुढे लिहिलंय). दुसरा प्रकार म्हणजे काही दिवस छान चालतं आणि मग अचानक बंद, आणि परत तीच सगळी उठाठेव पहिल्यापासून.

आधीच सांगून टाकतो, यातल्या खूप केसेसमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग चुकलेलं नसतंच. तुमच्या राऊटरला स्वतःचा पब्लिक आयपी, म्हणजे बाहेरून पोचता येईल असा इंटरनेटवरचा पत्ता, मिळालेलाच नसतो, त्यामुळे बाहेरून निघालेलं पॅकेट (डेटाचा तुकडा) तुमच्या राऊटरपर्यंत पोचतच नाही, मग आत कितीही सेटिंगं बदला, काही फरक पडणार नाही. म्हणून आधी हे तपासायचं आणि मगच बाकीच्याला हात लावायचा.

पण त्याआधी दोन वेगळ्या नेटवर्कवरचे कॉम्प्युटर एकमेकांशी बोलायला सुरुवात कशी करतात हे पाच मिनिटं समजून घ्या, कारण हे डोक्यात बसलं की पुढच्या वेळी कुणाला विचारायची गरज पडत नाही. तुमचा कॉम्प्युटर कुठलंही पॅकेट पाठवायच्या आधी समोरचा आयपी बघतो, स्वतःचा आयपी आणि सबनेट मास्क (आपलं नेटवर्क कुठपर्यंत ते सांगणारा आकडा) बघतो आणि ठरवतो की हा आपल्याच नेटवर्कमधला आहे का बाहेरचा. आपल्यातला असेल तर एआरपीने थेट विचारतो की हा आयपी कुणाकडे आहे, त्या मशीनचा मॅक ॲड्रेस (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा नंबर) मिळाला की काम सुरू, राऊटरला फक्त वायरी जोडण्यापुरतं काम. बाहेरचा असेल तर पॅकेट डिफॉल्ट गेटवेकडे म्हणजे राऊटरकडे जातं आणि तिथून एकेक हॉप (एका राऊटरवरून दुसऱ्यावर उडी) करत पुढे. पोचलं की टीसीपी या कनेक्शन जोडायच्या पद्धतीत ठरलेलं आहे, इकडून सिन, तिकडून सिन-ॲक, परत इकडून ॲक, या तीन पॅकेटांनंतर खरा डेटा सुरू होतो. म्हणजे सगळी मेख पहिल्या सिनमध्ये आहे. ते पोचलं तर पुढचं सहसा होतं, ते वाटेत मेलं तर तुम्हाला फक्त टाइम आउट दिसतो आणि कुठे मेलं ते कोणीच सांगत नाही.

ते मरतं बहुतेक वेळा नॅटमुळे, म्हणजे राऊटर आतले पत्ते बदलून बाहेर पाठवतो त्यामुळे. तुमच्या घरातले आयपी १९२.१६८ ने सुरू होतात, किंवा १० ने, किंवा १७२.१६ ते १७२.३१ या पट्ट्यातले असतात. हे तीन पट्टे खाजगी वापरासाठी राखून ठेवलेत, १९९६ च्या आरएफसी १९१८ या इंटरनेटच्या नियमांच्या कागदात तसं लिहिलंय, आणि ते जगात कुणीही आपापल्या घरात वापरू शकतं. चाळीत खोली नंबर ४ असते तशी, प्रत्येक चाळीत एक असतेच, आतल्या माणसाला तेवढं सांगितलं तरी पुरतं, पण नुसतं खोली नंबर ४ एवढंच लिहून बाहेरगावाहून पत्र टाकलं तर पोस्टमन ते कुठे नेणार. म्हणून राऊटर मध्ये बसतो. आतून पॅकेट बाहेर जाताना तो त्यावर स्वतःचा बाहेरचा आयपी आणि एक पोर्ट नंबर घालतो आणि एका टेबलमध्ये नोंद करून ठेवतो की हे कुणाचं होतं, उत्तर आलं की नोंद बघून आतल्या मशीनला देतो. पण जर बाहेरून कोणी स्वतःहून पॅकेट पाठवलं तर त्याची नोंदच नसते, राऊटर ते टाकून देतो. म्हणून तुम्ही जगातली कुठलीही साइट उघडू शकता पण जगातलं कोणी तुमच्याशी बोलणं सुरू करू शकत नाही. पोर्ट फॉरवर्ड म्हणजे ही नोंद आपण हाताने कायमची करून ठेवणं, बस.

खरं म्हणजे इंटरनेट असं ठरलेलं नव्हतं. व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांनी १९७४ मध्ये जे मांडलं आणि १ जानेवारी १९८३ ला आर्पानेट (इंटरनेटचं मूळ नेटवर्क) ज्यावर हलवलं त्या टीसीपी-आयपीमध्ये प्रत्येक मशीनला स्वतःचा पत्ता आणि कुणीही कुणाला आधी हाक मारू शकतं, असंच होतं. नॅट १९९४ च्या आरएफसीमध्ये आलं ते थोड्या काळासाठीचा उपाय म्हणून, आणि आज इतकी वर्षं झाली तरी आपण त्याच्याशीच झगडतोय. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण घरबसल्या स्वतःचा सर्व्हर चालवणं ही खरं तर कुणालाही जमावी अशी गोष्ट होती.

आता तपासायला घ्या. राऊटरच्या पेजवर लॉगिन करा, स्टेटस किंवा इंटरनेट किंवा वॅन असं काहीतरी लिहिलेलं असेल, तिथला वॅन आयपी (राऊटरचा बाहेरच्या बाजूचा पत्ता) कागदावर लिहा. मग त्याच वायफायवरून ब्राउझरमध्ये माझा आयपी काय हे दाखवणारी कुठलीही साइट उघडा. साइटने कोलनवाला लांबलचक पत्ता दाखवला तर तो आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचा पत्ता) आहे, त्याच्याशी तुलना करू नका, आयपीव्ही४ चा, म्हणजे टिंबांनी तोडलेल्या चार आकड्यांचा पत्ता शोधा. दोन्ही आकडे सारखे असतील तर तुम्हाला पब्लिक आयपी आहे, आनंद करा आणि पुढचा भाग वाचा. वेगळे असतील तर मधे अजून एक नॅट आहे. वॅन आयपी १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यात असेल तर शंकाच नको, तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात. हा पट्टा एप्रिल २०१२ मध्ये खास याच कामासाठी बाजूला काढलाय, म्हणजे नेट देणाऱ्या कंपनीने शेकडो गिऱ्हाइकांना एकाच पब्लिक आयपीच्या मागे बसवायचं. कारण सोपं आहे, आयपीव्ही४ चे एकूण पत्तेच सुमारे ४२९ कोटी, मुख्य साठ्यातले शेवटचे गठ्ठे ३ फेब्रुवारी २०११ ला वाटून संपले आणि आपण ज्यात येतो त्या आशिया-पॅसिफिकच्या रजिस्ट्रीने त्याच वर्षी एप्रिलपासून उरलेला शेवटचा गठ्ठा मोजूनमापून द्यायला सुरुवात केली. नेट देणारी कंपनी आणणार कुठून. तर तुमची फॉरवर्डिंगची नोंद तुमच्या राऊटरमध्ये आहे पण पॅकेट अडतंय कंपनीच्या नॅटवर, आणि तिथे नोंद करायचा तुम्हाला काही हक्क नाही.

वॅन आयपी १९२.१६८ ने सुरू होत असेल तर वेगळी भानगड आहे आणि ही सोपी आहे. फायबरवाल्याने बसवलेला डबा स्वतःच राऊटर असतो आणि त्याच्या पुढे तुम्ही तुमचा चांगला राऊटर लावलेला असतो, म्हणजे घरातच दोन नॅट झाले. एकतर नेटवाल्याला सांगून त्याचा डबा ब्रिज मोडवर (म्हणजे तो स्वतः राऊटरचं काम करणार नाही) टाकून घ्या आणि पीपीपीओईचा, म्हणजे नेट कनेक्शनच्या लॉगिनचा, युजरनेम-पासवर्ड तुमच्या राऊटरमध्ये भरा, नाहीतर तुमचा राऊटर ॲक्सेस पॉइंट मोडवर (फक्त वायफाय देण्यापुरता) टाका आणि फॉरवर्डिंग त्या डब्यात करा. फक्त हे करायच्या आधी त्या डब्याच्या पेजवर जाऊन त्याचा वॅन आयपी पण बघा, तो जर १०० वाला निघाला तर ही सगळी मेहनत फुकट आहे. वॅन आयपी १० ने सुरू होत असेल तर दोन्हीपैकी काहीही असू शकतं, कमांड प्रॉम्प्टमध्ये ट्रेसर्ट ८.८.८.८ टाका आणि दुसरा हॉप कोणता येतो ते बघा, तो आयपी ब्राउझरमध्ये टाकून घरच्या डब्याचं पेज उघडलं तर डबल नॅट, नाहीतर बहुतेक कंपनीचं.

पब्लिक आयपी आहे आणि तरी होत नाही, असं असेल तर चाचणी कुठून करताय ते आधी बघा. घरच्याच वायफायवर बसून स्वतःचा पब्लिक आयपी टाकला तर बऱ्याच राऊटरांना ते जमतच नाही, पॅकेट बाहेर जाऊन परत आत वळवायला लागतं आणि ती सोय सगळ्यांत नसते. वायफाय बंद करून मोबाईल डेटावरूनच बघायचं. दुसरं, पिंग लागत नाही म्हणून मशीन बंद आहे असं समजू नका, विंडोजची फायरवॉल बाहेरच्या पिंगला मुळात उत्तर देत नाही. त्यापेक्षा पॉवरशेलमध्ये टेस्ट-नेटकनेक्शन ही कमांड आहे, तिला पत्ता आणि पोर्ट नंबर द्या आणि हे आधी घरातल्याच दुसऱ्या मशीनवरून करा. घरातल्या घरातच लागत नसेल तर राऊटरचा काही दोष नाही, त्या मशीनची फायरवॉल किंवा सॉफ्टवेअर बघा. विंडोजमध्ये नेटवर्क पब्लिक म्हणून लागलेलं असेल तर शेअरिंगच्या बऱ्याच गोष्टी बंद असतात, घरचं नेटवर्क प्रायव्हेट करा. आणि नेटस्टॅट वजा ए एन टाकून त्या पोर्टसमोर काय लिहिलंय ते वाचा, १२७.०.०.१ असेल तर ते सॉफ्टवेअर फक्त स्वतःच्याच मशीनचं ऐकतंय, बाहेरच्या कुणाचं ऐकणारच नाही, तिथे ०.०.०.० किंवा मशीनचा लॅन आयपी (घरातला पत्ता) हवा.

एरर पण नीट वाचत जा, लोक ती वाचत नाहीत आणि तिच्यातच अर्धं उत्तर असतं. कनेक्शन रिफ्यूज्ड लगेच आलं तर पॅकेट कुठल्या तरी मशीनपर्यंत पोचलंय आणि त्या पोर्टवर ऐकणारं कोणी नाहीये, म्हणजे रस्ता बरोबर आहे आणि सॉफ्टवेअर बंद आहे किंवा पोर्ट नंबर चुकलाय. टाइम आउट आला तर पॅकेट वाटेत कोणीतरी गिळलंय, ते राऊटर असेल, कंपनी असेल किंवा त्या मशीनची स्वतःचीच फायरवॉल. काही कंपन्या २५, ८०, ४४५ असे ठराविक पोर्ट येताना बंदच ठेवतात, तेव्हा एकदा बाहेरचा पोर्ट वरचा कुठला तरी घेऊन बघा.

चालू होतं ते बंद पडलं या तक्रारीची दोन कारणं सारखी दिसतात. एक म्हणजे आतल्या मशीनचा आयपी बदलला. वीज गेली, राऊटर परत चालू झाला, डीएचसीपीने (आपोआप आयपी वाटणाऱ्या सोयीने) डीव्हीआरला शेवटचा आकडा ५० च्या जागी ५३ दिला आणि फॉरवर्ड अजून ५० कडेच चाललंय. राऊटरमध्ये ॲड्रेस रिझर्व्हेशन असतं, मॅक ॲड्रेस टाकून आयपी पक्का करून ठेवा, आपल्याकडे लाइट जातात-येतात तिथे हे केल्याशिवाय फॉरवर्डिंगला हातच लावू नये असं माझं मत आहे. दुसरं म्हणजे बाहेरचा आयपी बदलला, त्याला डायनॅमिक डीएनएस (एका नावाला तुमचा चालू आयपी जोडून ठेवणारी सेवा) लावा, बऱ्याच राऊटरमध्ये आणि डीव्हीआरमध्ये ते आधीपासून असतं. पण डायनॅमिक डीएनएस लावलं म्हणजे सीजीनॅट सुटतं असं नाही, ते फक्त नावाला आकडा जोडून देतं, आकडाच कंपनीचा असेल तर नाव काय करणार.

सीजीनॅट निघालं तर काय, तर रस्ते आहेत. सर्वात सरळ म्हणजे नेटवाल्याला फोन करून स्टॅटिक पब्लिक आयपी पाहिजे असं याच शब्दांत सांगा, पोर्ट उघडून द्या असं म्हणाल तर समोरच्याला कळणार नाही आणि तो राऊटर रिस्टार्ट करायला सांगेल. त्याला वेगळे पैसे पडतात आणि सगळीकडे घरगुती प्लॅनवर देत नाहीत. दुसरा रस्ता आयपीव्ही६. राऊटरला २ ने सुरू होणारा आयपीव्ही६ मिळत असेल तर तुमच्या प्रत्येक मशीनला खराखुरा स्वतःचा पत्ता आहे, नॅट नाहीच (एफई८० ने सुरू होणारा दिसला तर तो फक्त घरातल्या घरात चालतो, तो नको). राऊटरच्या आयपीव्ही६ फायरवॉलमध्ये त्या मशीनचा तो एक पोर्ट उघडायचा, आणि जिथून लावताय तिथेही आयपीव्ही६ पाहिजे, ते आपल्याकडे मोबाईल डेटावर बऱ्यापैकी मिळतं, ऑफिसच्या नेटवर मात्र नसेल तर अडकाल. हा पत्ताही बदलू शकतो, तेव्हा डायनॅमिक डीएनएस इथेही लागेल.

तिसरा रस्ता मला सगळ्यात आवडतो, कारण त्यात कुणाच्या परवानगीची गरज नाही. दोन्ही कॉम्प्युटर नॅटच्या मागे असले तरी दोघंही बाहेर जाऊ शकतात ना, मग दोघंही बाहेरच्या एका ओळखीच्या सर्व्हरला पॅकेट पाठवतात आणि सर्व्हर प्रत्येकाला सांगतो की बाबा तू मला बाहेरून या आयपीवर या पोर्टवर दिसतोयस. याला स्टन म्हणतात. मग दोघांचे हे बाहेरचे पत्ते एकमेकांना कळवले जातात आणि दोघंही साधारण एकाच वेळी एकमेकांकडे यूडीपी (आधी कनेक्शन न जोडता सोडायची) पॅकेट सोडतात. पहिलं पॅकेट समोरच्या नॅटवर मरेलही, पण ते बाहेर जाताना आपल्या नॅटमध्ये नोंद करून गेलेलं असतं, त्यामुळे तिकडून येणारं पॅकेट आपल्या नॅटला उत्तर वाटतं आणि तो ते आत सोडतो. होल पंचिंग. पोर्ट फॉरवर्ड नाही, पब्लिक आयपी नाही, आणि तरी दोघं थेट बोलतात, मला अजूनही हे बघून भारी वाटतं. ब्राउझरमधले व्हिडिओ कॉल असेच जोडले जातात, आणि टेलस्केल, झीरोटियर यांसारखी सॉफ्टवेअर हेच करतात, दोन्ही मशीनवर टाकायचं, टेलस्केलमध्ये एकाच खात्याने लॉगिन करायचं, झीरोटियरमध्ये दोघांना एकाच नेटवर्कमध्ये घ्यायचं, झालं.

हे कधी फसतं तर एखादा नॅट प्रत्येक नव्या ठिकाणासाठी बाहेरचा पोर्ट बदलत असेल तर. मग स्टन सर्व्हरला दिसलेला पोर्ट समोरच्या मशीनसाठी वेगळाच निघतो आणि भोक भलत्या जागी पडतं. अशा वेळी डेटा मधल्या रिले सर्व्हरवरून जातो, चालतं पण संथ. टेलस्केल वापरत असाल तर त्याची पिंग कमांड चालवून बघा, उत्तरात डर्प असं आलं तर रिलेवरून चाललंय आणि आयपी-पोर्ट आलं तर थेट. कॅमेरा अडखळतोय, रिमोट डेस्कटॉप रांगतोय, याचं कारण बऱ्याचदा हे असतं. एका बाजूला जरी पब्लिक आयपी मिळाला, किंवा दोन्हीकडे आयपीव्ही६ असलं, तरी थेट व्हायची शक्यता खूप वाढते. एक लक्षात ठेवा, टेलस्केल स्वतःही मशीनला १००.६४ ते १००.१२७ मधलाच आयपी देतं, त्यामुळे कॉम्प्युटरवर १०० चा आयपी दिसला म्हणून सीजीनॅट आहे असं ठरवू नका, राऊटरच्या पेजवरचा वॅन आयपीच बघा.

थोडी तांत्रिक तयारी असेल तर पब्लिक आयपीवाला छोटा व्हीपीएस (इंटरनेटवरचा सर्व्हर) भाड्याने घेऊन त्यावर वायरगार्ड हे व्हीपीएन (दोन ठिकाणांमधला खाजगी रस्ता) लावा, दोन्ही ठिकाणं त्या सर्व्हरला स्वतःहून जोडली जातात. यात हमखास येणारी तक्रार म्हणजे जोडलं की चालतं आणि थोडा वेळ कोणी काही केलं नाही की बाहेरून लागत नाही. नॅटमधली यूडीपीची नोंद पॅकेट थांबली की पुसली जाते, २००७ च्या आरएफसी ४७८७ प्रमाणे दोन मिनिटांच्या आत पुसू नये पण बरेच राऊटर ३० सेकंदातच पुसून मोकळे होतात. वायरगार्डमध्ये पर्सिस्टंट कीपअलाइव्ह २५ (दर २५ सेकंदांनी एक पॅकेट) ठेवा, घरच्या बाजूला, म्हणजे जी बाजू नॅटमागे आहे तिथे.

मग अशी एक केस, जी व्हीपीएन लावणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला कधी ना कधी भेटते. ओळखीच्या एका मेडिकलवाल्यांची दोन दुकानं, बिलिंगचा सर्व्हर मोठ्या दुकानात, व्हीपीएन हिरवं दाखवतंय आणि छोट्या दुकानातून सर्व्हर काही सापडत नाही. दोन्ही दुकानांत राऊटर डब्यातून काढला तसाच लावलेला, म्हणजे दोन्हीकडे १९२.१६८.१. आता वर लिहिलंय ते आठवा, कॉम्प्युटर आधी बघतो की समोरचा आपल्याच नेटवर्कमधला आहे का. १९२.१६८.१.१० म्हटल्यावर त्याला वाटतं हा तर इथलाच, तो एआरपीने आपल्याच दुकानात ओरडत राहतो आणि पॅकेट व्हीपीएनकडे जातच नाही. छोट्या दुकानाचं नेटवर्क १९२.१६८.३७ केलं, प्रिंटरचा आयपी बदलला, विषय संपला. ऑफिसचं नेटवर्क नव्याने लावताय तर ०, १ हे तिसरे आकडे टाळाच, घरोघरी तेच असतात आणि उद्या घरून काम करणाऱ्याला हाच त्रास होणार.

डीएमझेड आणि उघड्या पोर्टबद्दल आता कळकळीने सांगतो. डीएमझेड म्हणजे बाहेरून येणारं सगळंच त्या एका मशीनवर सोडून देणं. रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ थेट इंटरनेटला उघडा ठेवला की पासवर्ड लावून बघणारे बॉट दिवसरात्र त्यावर येतात, आणि पोर्ट नंबर बदलल्याने ते थांबत नाहीत. २०१६ मध्ये मिराई नावाच्या मालवेअरने अशाच उघड्या कॅमेऱ्यांत आणि डीव्हीआरमध्ये कंपनीने दिलेले पासवर्ड वापरून शिरकाव केला आणि २१ ऑक्टोबरला डिन या डीएनएस कंपनीवर एवढा मारा केला की अमेरिकेत आणि युरोपात मोठमोठ्या साइट उघडेनात. त्या कॅमेऱ्यांच्या मालकांपैकी बहुतेकांना काही कळलंही नसेल. शेतावरच्या कॅमेऱ्यात कोण बघायला येणार असं म्हणून पासवर्ड ॲडमिन ठेवू नका. रिमोट डेस्कटॉप, फाइल शेअरिंग, डीव्हीआर हे व्हीपीएनच्या आतूनच वापरा. फक्त कॅमेरेच बघायचेत तर कंपनीच्या ॲपमध्ये क्यूआर कोड स्कॅन करून जोडायची सोय असते, ती सीजीनॅटमधूनही चालते, पण मग तुमचं चित्र त्यांच्या सर्व्हरच्या भरवशावर आहे हे समजून घ्या, आणि तरीही पासवर्ड बदला.

शेवटचा प्रकार, ज्यात लोक सगळ्यात जास्त हैराण होतात कारण सगळं बरोबर दिसत असतं. पिंग लागतंय, लॉगिन होतंय, आणि मोठी फाइल कॉपी करायला घेतली किंवा रिमोट डेस्कटॉप उघडला की काळी स्क्रीन. हा एमटीयूचा, म्हणजे एका वेळी जाऊ शकणाऱ्या सर्वात मोठ्या पॅकेटच्या मापाचा, घोळ. साध्या इथरनेटवर १५०० बाइटचं पॅकेट जातं, पीपीपीओईवर ८ बाइट त्यालाच लागतात म्हणून १४९२, व्हीपीएनमध्ये त्याहून कमी. छोटी पॅकेट जातात, मोठी अडतात, आणि अडलेल्या राऊटरने पॅकेट छोटं कर असा जो निरोप पाठवायचा तो मधल्या कुठल्यातरी फायरवॉलने आयसीएमपी (असे निरोप नेणारी पॅकेट) बंद ठेवल्यामुळे परत येत नाही. विंडोजमध्ये पिंगला वजा एफ वजा एल १४६४ देऊन समोरच्याला मारून बघा, २८ बाइट हेडरचे धरून ते १४९२ होतात. उत्तर नाही आलं तर आकडा दहा-दहाने कमी करत जा, जिथे उत्तर येतं त्यात २८ मिळवले की साधारण तुमचा एमटीयू. तेवढा वेळ नसेल तर व्हीपीएनचा एमटीयू सरळ १२८० करा, वेग किंचित कमी होईल पण काळी स्क्रीन जाईल, आणि नंतर सवडीने मोजून वाढवता येतो.